टॉवेलाखालची सुई

"केळ्याला दात नसतात, डॉक्टर," ठकीमावशी म्हणाली आणि बाकावरची सगळी माणसं हसली.

कमलाकांत डॉक्टर हसले नाहीत. त्यांच्या एका हातात सालीसकट केळं होतं आणि दुसऱ्या हातात ती नवी वस्तू. ते तिला यंत्र म्हणत होते. उरलेलं पालघर दुसऱ्या दिवसापासून तिला बंदूक म्हणायला लागलं. वीतभर लांब, चकचकीत, मागे ओढायचा खटका, मध्ये औषध भरायची काचेची नळी आणि टोकाला रबराची टोपी. सुई कुठेच नव्हती. तारापूरला अणुशक्ती केंद्राचं बांधकाम चाललं होतं, तिथल्या गोऱ्या इंजिनियरांच्या मुलाबाळांचे दात बघायला एक परदेशी डॉक्टर येऊन राहिला होता. मायदेशी जाताना तो ही वस्तू आमच्या डॉक्टरांना देऊन गेला.

डॉक्टरांनी रबराची टोपी केळ्यावर दाबली आणि खटका सोडला. टक् असा आवाज झाला. मग त्यांनी केळं सोलून सगळ्यांना दाखवलं. आत जांभळ्या औषधाची एक रेघ उतरली होती, आणि सालीवर टाचणीच्या टोकाएवढा ठिपका सोडला तर काही नव्हतं.

"पोरांच्या हिरडीत औषध असंच जाणार," डॉक्टर म्हणाले. "मग हिरडी बधिर, आणि दात काढलेला कळायचासुद्धा नाही. सुई नाही, टोचणं नाही, रडणं नाही."

"पण आवाज कशाला करतंय?" ठकीमावशीने विचारलं. "सुई बिचारी गुपचूप येते, गुपचूप जाते."

ठकीमावशी केळवे-माहीमच्या कोळीवाड्यातली. मासळीची पाटी विकून संपली की गाडी येईपर्यंत ती आमच्या दवाखान्याच्या बाकावर येऊन बसायची. तिचे दात बहुतेक पडून गेले होते, त्यामुळे डॉक्टरांची तिला भीती नव्हती. मी 'आमच्या दवाखान्याच्या' म्हणते खरी, पण तिथे माझं काही नव्हतं. मंजुळाआत्या तिथे कामाला होती आणि मी शिकायला तिच्याकडे पालघरला राहत होते. तिचे यजमान दामूकाका वैतरणेच्या पुलावर रेल्वेच्या गँगमध्ये, ते फक्त रविवारी घरी यायचे. त्यांना मूलबाळ नव्हतं. शाळा सुटली की मी दवाखान्यात जाऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायची आणि अभ्यास सोडून सगळं बघायची.

आत्याचं काम असं होतं. पोर खुर्चीत बसलं की ती त्याच्या मागे उभी राहायची. डावा तळहात पोराच्या कपाळावर, म्हणजे डोळे अर्धे झाकले जायचे. डॉक्टरांनी "मंजुळाबाई, टॉवेल" म्हटलं की आत्या उजव्या हाताने टॉवेल उचलायची, आणि त्या टॉवेलाखाली उकळून ठेवलेली सुईची पिचकारी असायची. टॉवेल पोराच्या हनुवटीखाली यायचा, जणू तोंड पुसायलाच आणलाय, आणि पिचकारी डॉक्टरांच्या हातात जायची. तोवर आत्याने पोराचं डोकं काखेत घट्ट धरलेलं असायचं. "मुंगी चावल हां," ती म्हणायची, "एकच मुंगी." मग पोर जे किंचाळायचं ते रेल्वे फाटकापर्यंत ऐकू जायचं. डॉक्टरांचा एकच नियम होता, पोराला सुई दिसता कामा नये. आत्याच्या हातून तो कधीच मोडला नव्हता.

त्यामुळे गावभर तिचं नाव पडलं होतं मुंगीवाली. बाजारात आम्ही भाजी घ्यायला गेलो की पोरं आयांच्या पदरामागे जायची. "जेवतोस का मुंगीवालीला बोलावू?" असं आयाच म्हणायच्या, आणि तेही आत्याच्या देखत, हसत हसत. आत्याही हसायची. पूर्वी ती कनवटीला लिमलेटच्या गोळ्या ठेवायची म्हणे. कुठलंच पोर तिच्या हातचं घेईना, तेव्हा ठेवायचं सोडलं.

बंदूक आली आणि मी तर हवेतच होते. त्याच वर्षी मी शाळेच्या स्नेहसंमेलनात 'विज्ञान : शाप की वरदान' यावर बोलले होते, वरदानाच्या बाजूने. दुसरा नंबर आला. पहिला यायला हवा होता, पण परीक्षक पहिल्या नंबराच्या मुलीचे मामा होते, जाऊ दे. आधी मी वर्गात हात वर करायलाही घाबरायची. त्या दिवसापासून मला कुणाशीही बोलायला भीती वाटेनाशी झाली. वरदान प्रत्यक्ष आपल्या गावात आलेलं आणि लोक त्याच्याकडे तिरक्या डोळ्यांनी बघतायत, हे मला कसं सहन होणार? मी शाळेत सांगितलं, गिरणीत सांगितलं, पाणी भरताना सांगितलं.

लोकांनी ऐकून घेतलं आणि आपापला संशय मला परत दिला. कुणी म्हणालं, भोक नाही तर औषध जातं कुठून, म्हणजे काहीतरी लबाडी आहे. कुणी म्हणालं, गोऱ्यांनी जाताना फुकट दिलंय, म्हणजे बिघडलेलं असणार. आमच्या वर्गातल्या एका मुलीने तर सांगितलं, तिच्या वडिलांना पक्कं ठाऊक आहे, त्या बंदुकीत अणू भरतात. कोयनेचा भूकंप होऊन वर्षही झालं नव्हतं. जमिनीखाली, पाण्याखाली, भिंतीमागे काय असेल याचा त्या दिवसांत कुणालाच भरवसा नव्हता.

पण खरं सांगायचं तर माझा स्वतःचा संशय दुसऱ्याच माणसावर होता. तो आत्यावर.

ती त्या बंदुकीबद्दल चकार शब्द बोलत नव्हती. संध्याकाळी स्पिरिटने पुसताना ती तिच्याकडे अशी बघायची, नवऱ्याने आणलेल्या सवतीकडे बाई बघेल तशी. एकदा डॉक्टर गमतीने म्हणाले, "मंजुळाबाई, आता तुम्हाला आराम. पोरं रडायची नाहीत तर धरायचं कुणाला?" आम्ही सगळे हसलो. आत्या हसली नाही. मी मनात हिशेब मांडला. पोराला धरायची गरज उरली नाही तर आत्याचीही गरज उरत नाही. मग बंदूक चालावी असं तिला का वाटेल? तिने मनात आणलं तर एक स्प्रिंग वाकवायला किती वेळ लागतो? मी तिच्यावर पाळत ठेवायला लागले. घरी ती भाकऱ्या थापायची आणि मी पुस्तकाआडून तिच्या हातांकडे बघायची.

शनिवारी शाळा लवकर सुटते. मी दवाखान्यात गेले तर डॉक्टर जेवायला गेलेले, दार लोटलेलं. आतल्या खोलीतून आवाज आला, टक्. थोड्या वेळाने पुन्हा टक्.

मी पडदा सरकवला. आत्या मोरीपाशी उभी होती. एका हातात बंदूक, दुसऱ्या हाताने वरचा ओठ उचललेला, आणि दातांवरून रक्ताचा बारीक ओघळ येत होता.

"सापडलीस," मी म्हणाले. "मोडतेस ना ती?"

आत्याने शांतपणे तोंड धुतलं. ओठ बधिर झाल्यामुळे तिचं बोलणं जाडंभरडं येत होतं.

"मोडायची असती तं तोंडात कशाला घालू? दगडावर नसती आपटली?"

मी पडदा सोडून आत आले.

"इतकी वर्सं मुंगी मुंगी करते मी," ती म्हणाली. "मुंगी चावते का काय चावतंय, मला काय ठाव? मला कुणी कदी सुई टोचलीच नाय. माज्या दाढा गावच्या वैदूनं काडल्या, हिसडा देऊन. पोरांना जे डॉक्टर बोलले तेच मी बोलत आले. आता हे नवीन आलंय. याच्यात तरी आपण बगून बोलावं."

"मग? दुखलं?"

"टिचकी. रबर ताणून सोडला तर लागतंय ना बोटाला, तेवडंच. मग काय कळत नाय." तिने आपला ओठ चिमटीत धरून ओढून दाखवला. "बग. माजा हाय का दुसऱ्या कुणाचा, समजत नाय."

"पुढच्याच दातांवर करून बघितलंस?"

"मागचे हायेत कुटं?"

दोघी हसलो. तिचं हसू एकाच बाजूला आलं.

त्या दिवसानंतर आत्या बदलली. पोर आलं की ती आधी त्याच्यासमोर उकिडवी बसायची आणि सांगायची, "सुई नाय. टक् करून आवाज येल, टिचकी लागल. मी सोता मारून घेतलीय." पोरं तिच्याकडे बघायची, मग आईकडे. पहिला आला तो स्टेशनमास्तरांचा नातू, पुढचा दुधाचा दात हलत होता आणि पडत नव्हता. टक् झालं. त्याने डोळे मोठे केले, पण तो रडला नाही. दात बशीत पडला तेव्हा तो म्हणाला, "बस?" आत्या आत जाऊन उगीच भांडी घासत बसली. मी मागोमाग गेले तर म्हणाली, "डोळ्यांत स्पिरिट गेलं." स्पिरिटची बाटली बाहेर टेबलावर होती.

ठकीमावशीला मात्र हे पटलं नाही. "पोरगं रडल्याबिगर दात पडतो? त्याच्यात काय तरी घातलंय, मंजुळे. रात्री ताप येल बग." ताप आला नाही. तेव्हा ती म्हणाली, "आता नाय तर लग्न झाल्यावर येल."

तरीही दुधाचे दात घेऊन पोरं यायला लागली, आणि 'पालघरला बिनसुईचा डॉक्टर आहे' ही बातमी बोईसरपर्यंत पोचली. त्यात माझाही वाटा होता, कारण बोईसरच्या एस.टी.त मी ती स्वतः सांगितली होती.

त्याच बातमीवर झिपरू आला.

तो डोंगराकडचा, मनोरच्याही आतल्या पाड्यावरचा. घरची भातशेती पावसापुरती. बाकीचे महिने तो तारापूरच्या बांधकामावर खडी वाहायचा आणि बोईसरला झोपडं घालून राहायचा. त्याने लेकीला खांद्यावर आणलं होतं. बायडी तिचं नाव, आठेक वर्षांची असेल. उजवा गाल असा सुजला होता की त्या बाजूचा डोळा चिरेएवढाच उघडा दिसत होता. गालाला कसलासा पाला लावून वर फडकं बांधलेलं.

झिपरू बाकावर बसला नाही. दारातच उभा राहून त्याने विचारलं, "हतंच काय, बिनसुईचं?"

"इथंच," आत्या म्हणाली.

"सुई नायच ना?" त्याने पुन्हा विचारलं. "सुई हाय तं आमी जातो. देवी टोचणारा आला व्हता पाड्यावर, तवा चौघांनी धरली हिला. दंड पिकला, महिनाभर पू गेला. तवापासून सुई बगली का ही रानात पळते. दोन दिस बोलतो हिला, चल, चल. सुई नाय सांगितली तवा खांद्यावर चढली."

"सुई नाही," डॉक्टर आतून म्हणाले. "आणा तिला."

झिपरू हलला नाही. आवाज खाली करून त्याने आत्याला विचारलं, "त्यात तारापूरचं काय नाय ना, बाय? थयं सायब लोक बोलतात, दिसत नाय पण असतं. याच्यातपण दिसत नाय बोलतात."

"औषध हाय. पाण्यासारकं," आत्या म्हणाली. "मी घेतलंय."

मग ती बायडीसमोर उकिडवी बसली. बायडी बापाच्या पायाला धरून उभी होती आणि एका डोळ्याने आत्याच्या हातांकडे बघत होती. चेहऱ्याकडे तिने बघितलंच नाही. आत्याने दोन्ही हात उलटेसुलटे करून दाखवले. वरचा ओठ उचलून हिरडीवरचा बारीक डाग दाखवला.

"हतं मारली मी. सुई नाय, बायडी. माजा सबूत."

बायडीने पुढे होऊन आत्याच्या तोंडात बघितलं. मग बापाचा पाय सोडला आणि आपण होऊन खुर्चीत चढली.

डॉक्टरांनी फडकं सोडलं, गाल उघडून बघितलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. खालची, अगदी मागची दाढ. "पू झालाय," ते म्हणाले. "आज काढली नाही तर गळ्यात उतरेल. मग मुंबईच्या इस्पितळाशिवाय इलाज नाही."

त्यांनी बंदूक भरली. रबराची टोपी आत, गालाच्या बाजूने, जितकी मागे जाईल तितकी नेली. टक्. बायडी दचकली, पण तोंड उघडंच ठेवलं. पुन्हा टक्. थोडं थांबून डॉक्टरांनी दाढेला हलकेच आकडा लावला, आणि बायडीचं सगळं अंग खुर्चीवरून उडालं.

डॉक्टरांनी तिसऱ्यांदा मारली. पुन्हा आकडा लावला. पुन्हा तेच.

"जबड्याची नस आत खोल असते," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "पुढच्या दातांना ठीक होतं. इथे हे वरच्यावर राहतंय." आणि मग आवाज न चढवता, नेहमीसारखंच म्हणाले, "मंजुळाबाई, टॉवेल."

आत्या खुर्चीच्या मागे होती. तिचा डावा हात बायडीच्या कपाळावर होता.

ती जागची हलली नाही.

"मंजुळाबाई."

आत्याने कपाळावरचा हात काढला. ट्रेमधून पिचकारी उचलली. टॉवेल खुंटीवरच राहिला. ती खुर्चीला वळसा घालून पुढे आली आणि बायडीच्या नजरेसमोर तिने पिचकारी आडवी धरली. सुई लांब होती. मागच्या दाढेची सुई पुढच्या दातांच्या सुईपेक्षा लांब असते, ते मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं, कारण आजवर तीही टॉवेलाखालूनच जायची.

"बायडी, ही सुई हाय," आत्या म्हणाली. "बंदूक तुज्या दाढेपर्यंत पोचत नाय. मी पुढच्या दाताला मारून बगितली व्हती, मला मागचे दात नाय. मला वाटलं सगळीकडं तसंच व्हईल. चुकलं माजं."

बायडी एवढी जोरात खुर्चीतून उतरली की पाय ठेवायची फळी वाजली. दोन उड्यांत ती बापाजवळ गेली.

"तू बोलली सुई नाय," ती म्हणाली. तिचा आवाज आम्ही तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

"बोलले."

डॉक्टर पांढरे पडले होते. "काय केलंत हे?" ते दबक्या आवाजात म्हणाले. "दोन मिनिटांचं काम होतं. आता धरा तिला. अहो, तुम्ही पाय धरा," हे झिपरूला.

झिपरूने लेकीकडे बघितलं. मग फडकं घेऊन तिच्या गालावर पुन्हा बांधायला लागला. बांधता बांधता म्हणाला, "मना ठाव व्हतं. जे दिसत नाय बोलतात ते असतंच."

"पू गळ्यात उतरेल, कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय, सायब."

"मंजुळाबाई, धरा तिला."

"नाय धरणार," आत्या म्हणाली.

माझ्या तोंडात बोलायला किती तरी होतं. झिपरूला समजावणारं, बायडीला समजावणारं, वरदानाचं सगळं भाषण माझं पाठ होतं. त्यातलं एकही वाक्य तिथे चाललं नसतं. मी स्टुलावरून उठले आणि पुन्हा बसले.

झिपरू लेकीला उचलायला वाकला. बायडीने त्याचा हात बाजूला केला. ती आत्याकडे बघत होती, आणि या वेळी हातांकडे नाही.

"तुला टोचलंय हे?"

"नाय," आत्या म्हणाली. "बंदूक मारली. सुई नाय कदी."

"मंग आदी तुला."

कुणालाच क्षणभर कळलं नाही. आत्याला कळलं. तिने पिचकारी ट्रेमध्ये ठेवली, पदर खोचला आणि जाऊन खुर्चीत बसली. इतकी वर्षं ती त्या खुर्चीच्या मागे उभी होती. खुर्चीत बसायचं कसं हे तिला नीट जमेना, डोकं टेकवायच्या गादीवर अंबाडा अडला.

"हा काय पोरखेळ आहे?" डॉक्टर म्हणाले.

"टोचा ना, डॉक्टर," बाकावरून ठकीमावशी म्हणाली. "तुमची सुई गुपचूपच येते ना? का नाय येत?"

डॉक्टरांनी बाकाकडे बघितलं. बाकावरून पाच-सहा जोडी डोळे त्यांच्याकडे लागले होते, आणि आज संध्याकाळपर्यंत हे डोळे माहीम, केळवे, बोईसर सगळीकडे पोचणार होते. त्यांनी दुसरी सुई स्टोव्हवर ठेवली. पाणी उकळेपर्यंत स्टोव्हचा फरफर आवाज तेवढा खोलीत होता. बायडी खुर्चीच्या हाताला धरून उभी राहिली होती, चवड्यांवर, आत्याच्या तोंडात दिसावं म्हणून.

सुई आत गेली तेव्हा आत्याने आवाज केला नाही. पण तिच्या पायांची बोटं वळली, आणि डाव्या हाताने खुर्चीचा लोखंडी दांडा असा धरला की बांगड्या वर सरकल्या. डोळ्यांतून पाणी आलं ते कानांपर्यंत गेलं. सुई बाहेर आली. तिने श्वास सोडला.

"दुखलं?" बायडीने विचारलं.

"दुखलं."

"कवडं?"

आत्याने विचार केला. खरंच विचार केला, मला दिसलं. "इंचू," ती म्हणाली. "ल्हान इंचू. मुंगी नाय."

बाकावरची एक बाई "अगं बाई" म्हणाली आणि तिने तोंडाला पदर लावला. तिच्या दोन्ही पोरांच्या दाढा इथेच काढल्या होत्या.

"कवडा वेळ?"

"तू बापाला हाक मारशील तेवडा. लांब हाक. शेताच्या ह्या टोकावरनं त्या टोकाला."

बायडी बापाकडे वळली. तिने फडकं सोडून त्याच्या हातात दिलं. आत्या खुर्चीवरून उतरली. बायडी चढून बसली. आत्या सवयीने मागे जाऊन उभी राहिली, तर बायडी म्हणाली, "धरू नको."

आत्याने हात मागे घेतले.

डॉक्टरांचा हात स्थिर होता, हे मला सांगायला हवं. त्यांच्या कामात खोट नव्हती. सुई पुढून, उघडी, बायडीच्या नजरेखालून गेली. ती आत शिरली आणि बायडीने उघड्या तोंडाने हाक सुरू केली, "बाऽ". ती लांबत गेली, जाडी झाली, शेवटी घोगरी झाली, पण डोकं तसूभर हललं नाही. दारात झिपरू "ओऽ, ओऽ" करत राहिला. हाक संपायच्या आधी सुई बाहेर आली होती.

दाढ निघाली तेव्हा बायडी छताकडे बघत होती. तिला ती कळली नाही.

डॉक्टरांनी झिपरूला कापसाचा बोळा कसा बदलायचा ते समजावलं, गोळ्या दिल्या. झिपरूने लेकीच्या गालावर फडकं पुन्हा बांधलं. मग ते मोरीवर हात धुवायला गेले. आत्या ट्रे घेऊन मागे गेली. मी दप्तर घ्यायच्या निमित्ताने पडद्यापर्यंत गेले.

"मंजुळाबाई," ते हात पुसत म्हणाले. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "पोरांना सुई दाखवून मला दवाखाना चालवता यायचा नाही. उद्या प्रत्येक पोर म्हणेल, आधी तुला. मी काय रोज तुम्हाला टोचत बसू? सोमवारपासून मी दुसरी बाई बघतो. या कामाला विश्वासाचं माणूस लागतं."

आत्याने काहीतरी म्हटलं. अर्धी जीभ बधिर होती, ते शब्द मला कळले नाहीत, डॉक्टरांनाही कळले नसावेत. तिने ट्रेमधल्या सुया एकेक धुऊन डब्यात उभ्या लावल्या, स्टोव्हची हवा सोडली, दवाखान्याची किल्ली कमरेची काढून टेबलावर ठेवली, आणि बाहेर आली.

पायरीवर बायडी बसली होती, शेजारी झिपरू. बोईसरच्या गाडीला अजून वेळ होता. आत्याही जाऊन तिथेच बसली, बायडीच्या पलीकडे. मी उभीच राहिले. समोरच्या रस्त्याने सायकली जात होत्या, एक बैलगाडी गवताचे भारे घेऊन स्टेशनाकडे चालली होती.

बधिर ओठ पोरं कळत नसल्यामुळे चावत बसतात आणि मग जखम होते, म्हणून प्रत्येकाला ते बजावून सांगायचं असतं. आत्याने बायडीकडे वळून ते सांगायला सुरुवात केली. "होट चावू नको हां. बिलकूल चावू नको." शब्द वाकडे येत होते, पण बोट ओठावर ठेवून ती दाखवत होती. आणि ते सांगताना तिचा स्वतःचा खालचा ओठ दातांत आला होता. रक्ताचा थेंब हनुवटीवर उतरला, तिथून पदरावर पडला.

मी तोंड उघडलं होतं, तेवढ्यात बायडीने गालावरचं फडकं सोडलं. त्यातला वाळलेला पाला पायरीवर झटकला, फडक्याची घडी केली आणि आत्याची हनुवटी पुसली. मग ओठ पुसला, जरा दाबून, दोनदा. आत्याला त्यातलं काही लागत नव्हतं. ती रस्त्याकडे बघत तशीच सांगत राहिली, सांजपर्यंत गरम काय पिऊ नको, उजव्या अंगाला झोपू नको.